स्वस्त कार स्कॅनर कोणता घ्यावा? घरी गाडीचं काम करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

बडोद्यात मांजलपूर, गोत्री, वाघोडिया रोड अशा सगळ्या भागांत सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडणारी मंडळी भरपूर आहेत. स्कॅनर घेण्याआधी आणि घेतल्यावर त्यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे उत्तरांसह दिले आहेत. किमती ढोबळ आहेत, त्या वर-खाली होतात.

१. स्कॅनर नेमकं काय करतो? तो गाडी दुरुस्त करतो का?

नाही. गाडीच्या इंजिन-संगणकाला, म्हणजे ईसीयूला, जे दिसतं ते स्कॅनर तुम्हाला दाखवतो. त्यात साठवलेले दोषांचे कोड, दोष पकडला गेला त्या क्षणीची नोंद (फ्रीझ फ्रेम) आणि सेन्सरचे चालू आकडे (लाइव्ह डेटा) असतात. साधे स्कॅनर कोड वाचतात आणि पुसतात. खरा उपयोग लाइव्ह डेटाचा आहे. तो न दाखवणारं यंत्र कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

२. माझ्या गाडीला स्कॅनर चालेल हे कसं ओळखायचं?

ओबीडी-२ म्हणजे गाडीने स्वतःचे दोष ओळखून ठरावीक सॉकेटवर सांगायची पद्धत. भारतात बीएस-४ (भारत स्टेज, धुराच्या प्रदूषणाचा नियम) गाड्यांना ती १ एप्रिल २०१३ पासून सक्तीची झाली. पण बीएस-४ हा नियम २०१० मध्ये निवडक शहरांतच आला होता आणि देशभर तो १ एप्रिल २०१७ ला लागू झाला. त्यामुळे २०१४ किंवा २०१५ ची जीजे-०६ पासिंगची गाडी बीएस-३ सुद्धा असू शकते. नुसत्या वर्षावर भरवसा ठेवू नका. वाहनाच्या ऑनलाइन नोंदीत किंवा नव्या आरसी कार्डावर उत्सर्जनाचा नियम लिहिलेला असतो, तो पाहा.

बीएस-६ (एप्रिल २०२० पासून) असेल तर कुठलाही धड स्कॅनर इंजिनाशी बोलेल. बीएस-४ मध्ये बहुतेक वेळा बोलतो. बीएस-३ किंवा त्याआधीच्या गाडीत सोळा पिनांचं सॉकेट असलं तरी आतली भाषा कंपनीची स्वतःची असू शकते. अशा गाडीसाठी विकत घेण्याआधी कुणाचा तरी स्कॅनर पाच मिनिटं लावून बघणं हाच खात्रीचा मार्ग. कार्ब्युरेटरच्या गाडीत वाचायला काहीच नसतं.

३. सॉकेट कुठे असतं आणि त्यावरून काय कळतं?

बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ. काहींत फ्यूज बॉक्सच्या झाकणामागे. टॉर्च मारून धातूच्या पट्ट्या कोणत्या पिनांत आहेत ते पाहा. १६ नंबरला बॅटरीचा करंट कायम असतो, ४ आणि ५ अर्थिंग (ग्राउंड). ६ आणि १४ मध्ये पट्ट्या असतील तर गाडी बहुधा कॅन भाषा बोलते, ती वेगवान असते. तिथे काही नाही आणि फक्त ७ मध्ये पट्टी आहे, तर के-लाइन ही दुसरी भाषा. के-लाइन फार हळू चालते, म्हणून लाइव्ह डेटात एका वेळी तीन-चारच आकडे निवडावेत. वीस निवडले तर स्क्रीनवरची सुई अडखळत सरकते आणि सेन्सरच खराब आहे असं वाटू लागतं.

४. तीनशे रुपयांच्या निळ्या डोंगलमध्ये आणि दोन हजारांच्या डोंगलमध्ये फरक काय? दोन्हींवर ईएलएम ३२७ च लिहिलंय.

डोंगल म्हणजे सॉकेटमध्ये खोचून मोबाइलशी जोडायचा छोटा स्कॅनर. ईएलएम ३२७ ही त्यातली, एका कॅनडियन कंपनीची चिप. तिची पहिली आवृत्ती कॉपी झाली आणि आज बाजारात मिळणारे जवळपास सगळे स्वस्त डोंगल नकला आहेत. १.५ नावाची मूळ आवृत्ती तर कंपनीने कधी काढलीच नव्हती. म्हणजे डब्यावरच्या आवृत्तीच्या आकड्याला काही अर्थ नाही.

सगळ्या नकला टाकाऊ नसतात. अगदी स्वस्त, अंगठ्याएवढ्या डोंगलमध्ये मात्र बऱ्याच आज्ञा गाळलेल्या असतात. के-लाइनवर ते जोडलेच जात नाहीत, आणि लांब उत्तर तुकड्यांत आलं की मधला तुकडा हरवतो. एक सोपी कसोटी आहे: ॲपमधून गाडीचा सतरा अक्षरी चासी नंबर वाचा. कॅनवर हे उत्तर अनेक तुकड्यांत येतं. शेजारच्या चांगल्या स्कॅनरवर तो पूर्ण येतो आणि तुमच्या डोंगलवर अर्धा येतो किंवा येतच नाही, तर डोंगल परत करा. चिपला कोणत्या आज्ञा येतात ते तपासणारी मोफत अँड्रॉइड ॲपही आहेत.

दीड ते तीन हजारांत व्हीगेटसारखे डोंगल मिळतात, ते बहुतेकांना पुरतात. ओबीडीलिंक त्याहून बराच महाग आहे. तो वेगवान आणि भरवशाचा असला तरी महिन्यातून एकदा कोड बघणाऱ्याला एवढा खर्च करायची गरज नाही.

५. मोबाइलचा डोंगल घेऊ की स्क्रीन असलेला हातातला स्कॅनर?

घरात एक-दोन गाड्या असतील आणि आकड्यांचा आलेख बघायचा असेल तर डोंगल. आलेख मोबाइलवरच नीट दिसतो आणि साठवताही येतो. टॉर्क प्रो आणि कार स्कॅनर ही दोन ॲप बहुतेक जण वापरतात.

घरातल्या वडीलधाऱ्यांना किंवा पेअरिंगची कटकट नको असलेल्यांना हातातला स्कॅनर बरा. वायर खोचली की तो सुरू होतो, बॅटरी सॉकेटमधूनच घेतो. लॉन्च, ऑटेल यांचे साधे नग दोन ते चार हजारांच्या आसपास मिळतात. घेण्याआधी लाइव्ह डेटा आणि फ्रीझ फ्रेम दोन्ही आहेत ना, ते त्याच्या मेनूत स्वतः पाहा.

६. माझ्याकडे आयफोन आहे. डोंगल पेअरच होत नाही.

जुन्या पद्धतीचा ब्लूटूथ डोंगल आयफोनला दिसत नाही. ब्लूटूथ ४.० म्हणजे बीएलई लिहिलेला किंवा वायफायचा डोंगल घ्या. बीएलईवाला फोनच्या सेटिंगमधून पेअर करायचा नसतो, थेट ॲपमधून निवडायचा असतो. वायफायवाल्यात आधी फोन डोंगलच्या नेटवर्कला जोडा. ॲपमध्ये पत्ता बहुधा १९२.१६८.०.१० आणि पोर्ट ३५००० असतो. मोबाइल इंटरनेट त्या वेळी बंद ठेवलेलं बरं.

७. डोंगल घरी आला. परत करायची मुदत संपण्याआधी काय तपासू?

ज्या दिवशी आला त्याच संध्याकाळी आपल्याच गाडीवर लावा. इग्निशन ऑन, इंजिन बंद. जोडला गेला की बॅटरीचं व्होल्टेज बघा आणि मल्टिमीटरने बॅटरीवर मोजा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक असला तरी चालतं, पण तो लिहून ठेवा. इंजिन थंड असताना कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं यायला हवं. मग इंजिन सुरू करा. आयडलला (गाडी उभी, ॲक्सिलरेटर सोडलेला) आरपीएम साधारण ७०० ते ९००, कूलंट हळूहळू ८५ ते ९५ अंशांवर जाऊन स्थिर, चार्जिंग १३.५ ते १४.७ व्होल्ट. स्मार्ट अल्टरनेटर असलेल्या नव्या गाड्यांत चार्जिंग यापेक्षा खाली-वर होतं, त्याने घाबरू नका. शेवटी दहा मिनिटं चालवून बघा, मध्येच कनेक्शन तुटतंय का. स्वस्त डोंगलची खोड बहुतेक इथेच उघडी पडते.

८. कोड आला पी०३०३. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग बदलू ना?

थांबा. तक्रार कोणत्या सर्किटमधून आली एवढंच कोड सांगतो, खराब पार्टचं नाव सांगत नाही. पैसे सर्वात जास्त वाया जातात ते या गैरसमजामुळे.

पी०३०३ म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे इंधन नीट पेटत नाहीये. कारण प्लग, कॉइल, इंजेक्टर, वायरिंग, व्हॉल्व्ह यांपैकी काहीही असू शकतं. आधी फ्रीझ फ्रेम वाचा: आरपीएम, लोड, तापमान. मग प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर लावा, कोड पुसा, गाडी चालवा. आता पी०३०१ आला तर दोष कॉइलबरोबर फिरला, कॉइल बदला. कोड तिसऱ्यावरच राहिला तर हेच प्लगचं करून बघा. तरीही तिथेच असेल तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन. खर्च शून्य, वेळ पाऊण तास.

पी०१२८ आला तर इंजिन पुरेसं तापत नाहीये. आपल्याकडे ओव्हरहीटच्या भीतीने थर्मोस्टॅट काढून टाकायची पद्धत आहे, त्या गाड्यांत हा कोड हमखास येतो. इंजिन थंड राहतं, पेट्रोल जास्त जातं. थर्मोस्टॅट परत बसवा.

पी०४२० बघून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या लाइनमधला धूर साफ करणारा भाग) विकत घेऊ नका. सायलेन्सरच्या पुढच्या भागात गळती आहे का, मिसफायर चालू आहे का, हे आधी. साध्या ऑक्सिजन सेन्सरच्या गाडीत गरम इंजिनवर पुढचा (कन्व्हर्टरच्या आधीचा) सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये भराभर खाली-वर होतो आणि मागचा ०.६-०.७ च्या आसपास शांत राहतो. मागचाही पुढच्यासारखाच नाचत असेल तर कन्व्हर्टरवर संशय घ्यायला जागा आहे.

९. चेक इंजिन दिवा लुकलुकतोय. स्कॅनर येईपर्यंत गाडी चालवू?

लुकलुकणारा दिवा म्हणजे कन्व्हर्टर जळेल इतका मिसफायर. ॲक्सिलरेटर सोडा, शक्य असेल तिथे बाजूला घ्या, टो करून आणा. स्थिर पेटलेला दिवा असेल आणि गाडी नीट चालत असेल, तापमान व ऑइलचा दिवा ठीक असेल, तर घरापर्यंत आणायला हरकत नाही.

१०. फ्युएल ट्रिम म्हणजे काय? सगळे तेच बघायला सांगतात.

सांगतात ते बरोबर आहे, पेट्रोल गाडीत सर्वात उपयोगी आकडा हाच. ईसीयू ऑक्सिजन सेन्सर बघून इंधन किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय, ते हा आकडा दाखवतो. क्षणाचा म्हणजे शॉर्ट टर्म आणि सवयीचा म्हणजे लाँग टर्म. दोन्हींची बेरीज करा. उणे १० ते अधिक १० च्या आत असेल तर काळजी नको.

समजा पी०१७१ आला, म्हणजे मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी). गरम इंजिनवर आयडलला बेरीज अधिक २० आहे. आता आरपीएम २५०० वर अर्धा मिनिट धरा. बेरीज ५-६ वर उतरली तर कुठून तरी न मोजलेली हवा आत शिरतेय: इनटेकचा फाटलेला पाइप, ब्रेक बूस्टरची नळी, मॅनिफोल्डचं पॅकिंग. आयडलला एकूण हवाच कमी असते म्हणून छोटी गळतीही मोठी दिसते. उलट आयडलला ठीक आणि लोडवर, म्हणजे पुलाच्या चढावर किंवा हायवेवर ओव्हरटेक करताना, बेरीज वाढत असेल तर इंधन कमी पडतंय. फिल्टर, पंप, किंवा हवा मोजणारा सेन्सर मळलेला. सगळीकडे सारखीच अधिक असेल तर इंधनाचा दाबही तपासा.

उणे २० असेल तर इंजिनात इंधन जास्त जातंय: गळका इंजेक्टर, चोंदलेला एअर फिल्टर, अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा). टाकी नुकतीच ओसंडेपर्यंत भरली असेल तर आधी दोन दिवस जाऊ द्या.

११. गाडी सीएनजीवर आहे. स्कॅनर सीएनजी किटचे दोष दाखवेल?

बडोद्यात हा प्रश्न येणारच. कंपनी फिटेड सीएनजीत दोन्ही इंधनांचा कारभार कंपनीच्या ईसीयूमधून चालतो, त्यामुळे बरेच कोड सामान्य स्कॅनरला दिसतात. बाहेरून बसवलेल्या सिक्वेन्शियल किटचा ईसीयू वेगळा असतो, ओबीडी सॉकेटवर तो दिसत नाही. त्याची केबल आणि सॉफ्टवेअर किट बसवणाऱ्याकडे असतं.

स्कॅनरने मात्र एक फार कामाची चाचणी होते. इंजिन गरम करून पेट्रोलवर आयडल आणि २५०० आरपीएमचे ट्रिम लिहा. मग त्याच स्थितीत सीएनजीवर लिहा. पेट्रोलवर ठीक आणि सीएनजीवर अधिक २० असेल तर किटचं ट्युनिंग, रिड्यूसरचा (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाचा) दाब किंवा गॅस फिल्टर. दोन्हींवर बिघडलेलं असेल तर दोष इंजिनाच्या बाजूला, प्रश्न १० प्रमाणे शोधा. हे चार आकडे कागदावर घेऊन किटवाल्याकडे गेलात तर तो थेट दाबाचा स्क्रू आणि गॅस किती सोडायचा याचा नकाशा (मॅप) तपासेल. सीएनजीवर मिसफायर लवकर दिसतो, कारण गॅस पेटायला जास्त व्होल्टेजची ठिणगी लागते. प्लगची गॅप कंपनीने सांगितलेलीच ठेवा. गॅसच्या नळ्या, रिड्यूसर आणि सिलिंडरला घरी हात लावायचा नाही.

१२. कोड पुसला की काम झालं?

दिवा विझतो, कारण तसंच राहतं. शिवाय फ्रीझ फ्रेम पुसली जाते आणि मॉनिटर, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या तपासण्या, शून्यावर येतात. म्हणून पुसण्याआधी कोड आणि फ्रीझ फ्रेमचा फोटो काढा. पेंडिंग कोडही बघा. दिवा पेटवण्याइतकी खात्री झालेली नसते असे दोष तिथे असतात.

१३. सेकंड हँड गाडी बघायला जाताना स्कॅनर न्यावा का?

जरूर. विकणाऱ्याला आधी सांगून लावा. 'कोड पुसल्यापासूनचं अंतर' हा आकडा लाइव्ह डेटात शोधा. कोड एकही नाही, पण हे अंतर ८ किलोमीटर आणि मॉनिटर बहुतेक अपूर्ण, तर कोड नुकतेच पुसलेत. बॅटरी काढल्यावरही बऱ्याच गाड्यांत असंच होतं, म्हणून आरोप करण्याआधी विचारा आणि लांब फेरी मारून पुन्हा वाचा. ओडोमीटर मागे फिरवलाय का हे स्वस्त स्कॅनरने सिद्ध होत नाही.

१४. एबीएस किंवा एअरबॅगचा दिवा पेटलाय, पण स्कॅनर "दोष नाही" म्हणतो.

कारण साधा स्कॅनर फक्त इंजिनाशी बोलतो, पी-कोड वाचतो. एबीएसचे सी-कोड आणि एअरबॅगचे बी-कोड वाचायला तुमच्या कंपनीचं पॅकेज असलेलं यंत्र लागतं. आठ हजारांच्या पुढे ते सुरू होतात. एबीएसचा दोष समजला तर चाकाचा सेन्सर आणि वायर घरी तपासता येते. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला मल्टिमीटर कधीच लावू नका. मीटरचा बारीक करंटही बॅग उडवायला निमित्त होऊ शकतो.

१५. दुतर्फी स्कॅनर महाग आहे. तो कधी लागतोच?

दुतर्फी म्हणजे गाडीला हुकूम देणारा: फॅन चालवून बघ, एबीएसमधली हवा काढ, इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक मोकळा कर, डिझेल इंजेक्टरचा कोड भर. मागच्या इलेक्ट्रिक ब्रेकचे पॅड स्वतः बदलणार असाल किंवा डीपीएफची, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची, कटकट असेल (प्रश्न १७) तर विचार करा. तेही वर्षाचं अपडेट शुल्क किती, ते विचारून. काम वर्षातून एकदाच असेल तर शेजारच्या गॅरेजला पैसे द्या, किंवा सोसायटीतल्या तिघा-चौघांनी मिळून एक यंत्र घ्या.

१६. आमच्याकडे शेवरोले आहे, शेजाऱ्यांकडे फोर्ड. आता कंपनीच नाही. काय घ्यावं?

जनरल मोटर्सने हालोलचा कारखाना २०१७ मध्ये बंद केला आणि त्याच वर्षी देशातली विक्रीही थांबवली. फोर्डने साणंदमधलं कारचं उत्पादन २०२१ मध्ये थांबवलं. अशा गाड्यांसाठी स्वतःचा स्कॅनर ठेवणं फायद्याचं आहे. फोर्डसाठी फोरस्कॅन हे सॉफ्टवेअर आणि एचएस-एमएस स्विच असलेला डोंगल घ्या. हा स्विच ३ आणि ११ नंबरच्या पिनांवरची दुसरी लाइनही वाचतो, म्हणून इंजिनाबाहेरचे कंट्रोलरही दिसतात. शेवरोलेसाठी जुन्या जीएम गाड्यांचा आधार असलेला लॉन्च किंवा थिंककारसारखा बहुकंपनी स्कॅनर बघा, आणि यादीत नुसतं कंपनीचं नाव नव्हे तर मॉडेल व वर्ष आहे का ते घेण्याआधी तपासा. स्कोडा-फोक्सवॅगनवाल्यांनी व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन.

१७. बीएस-६ डिझेल आहे. डीपीएफ रीजनरेशन घरी करू का?

रीजनरेशन म्हणजे फिल्टरमध्ये साठलेली काजळी जाळून टाकणं. यंत्र हुकूम देत असेल तरी आधी डिपस्टिक बघा. ऑइल खुणेच्या वर गेलं असेल तर त्यात डिझेल मिसळलंय. आधी ऑइल बदला आणि अर्धवट रीजनरेशन का होतंय ते शोधा. दाबातल्या फरकाचा सेन्सर आणि त्याच्या दोन रबरी नळ्याही तपासा. नळी तडकली तर फिल्टर किती भरलाय याचा आकडा चुकीचा येतो. सगळं ठीक असेल तर टाकीत पाव भागाहून जास्त डिझेल ठेवून, मोकळ्या जागी, वाळलेल्या गवतापासून दूर करा. फिल्टरमधलं तापमान ६०० अंशांच्या घरात जातं. बंद पार्किंगमध्ये अजिबात नाही. त्याआधी हायवेला वीस-पंचवीस मिनिटं एकसारख्या वेगाने गाडी चालवून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच साफ होतो.

१८. डोंगल कायम सॉकेटमध्ये ठेवला तर?

१६ नंबरच्या पिनला करंट कायम असतो, म्हणून गाडी बंद असतानाही तो बॅटरी खातो. ४० मिलिअँपियर धरले तर दिवसाला साधारण १ अँपियर-तास. ३५ अँपियर-तासांची बॅटरी पंधरा-वीस दिवसांत गाडी सुरू करण्याच्या लायकीची राहणार नाही. मे महिन्यात बंद गाडीतल्या उष्णतेने स्वस्त डोंगलही खराब होतो. काम झालं की काढा.

१९. स्कॅनर जोडलाच जात नाही. गाडी की स्कॅनर?

आधी डोंगलचा दिवा पेटतो का बघा. पेटत नसेल तर मल्टिमीटरने १६ आणि ४ मध्ये १२ व्होल्ट आहेत का मोजा. नसतील तर फ्यूज उडालाय. अनेक गाड्यांत तो सिगारेट लाइटर किंवा आतल्या दिव्यांच्या फ्यूजशी एकत्र असतो, आणि लाइटरमध्ये भलता चार्जर खुपसल्याने उडतो. दिवा पेटतो पण गाडी जोडत नाही: इग्निशन ऑन आहे ना, ब्लूटूथचा पिन १२३४ किंवा ०००० टाकला ना, फोनला लोकेशनची परवानगी दिली ना, दुसरं ॲप मागे चालू नाही ना. मग हाच डोंगल दुसऱ्या गाडीवर लावा. तिथे चालला तर प्रश्न २ आणि ३ पुन्हा वाचा.

२०. विश्वामित्रीच्या पुरात गाडी उभी होती. आता यू-कोडांची रांग लागलीय.

२०१९ आणि २०२४ च्या पुरानंतर हा प्रश्न खूप आला. यू-कोड म्हणजे कंट्रोलर एकमेकांशी बोलू शकत नाहीत. सीटपर्यंत पाणी आलं असेल तर स्कॅनरही लावू नका आणि चावीही फिरवू नका. बॅटरीची निगेटिव्ह काढा, प्लग काढून सिलिंडरमध्ये पाणी आहे का बघा, इंजिन व गिअर ऑइल दुधाळ दिसलं तर बदला. विमा असेल तर यातलं काहीही उघडण्याआधी फोटो काढा आणि सर्व्हेअरला कळवा.

पाणी फक्त फ्लोअरपर्यंत होतं तर कार्पेट उचला, खालचे कनेक्टर एकेक उघडून वाळवा, हिरवट झालेल्या पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा. मग पूर्ण चार्ज बॅटरी जोडून सगळे कोड लिहून घ्या, पुसा आणि पुन्हा वाचा. बॅटरी कमजोर असतानाही खोटे यू-कोड येतात, म्हणून व्होल्टेज १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्जर लावा. पुसल्यानंतर लगेच परत येणाऱ्या कोडांतच खरा दोष शोधायचा. ते सगळे एकाच कंट्रोलरकडे बोट दाखवत असतील तर त्याचा फ्यूज, अर्थिंग आणि कनेक्टर या क्रमाने तपासा. कॅनची शंका असेल तर बॅटरी काढून ६ आणि १४ मधला रोध मोजा, बहुतेक गाड्यांत तो साधारण ६० ओहम येतो. १२० आला तर लाइन कुठेतरी तुटली आहे, शून्याजवळ आला तर दोन तारा चिकटल्या आहेत.